सांगणाऱ्याचं नाव

(परभणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाजमाध्यमं यांचा समाजावर होणारा परिणाम, असा विषय आपण मला दिलात. या विषयावरची बहुतेक भाषणं अमेरिकेतल्या कंपन्यांपासून सुरू होतात. मी सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावापासून सुरुवात करतो, कारण या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आपल्याच जिल्ह्यात दर वर्षी मृगाच्या तोंडावर उभा राहतो.

गुगळी धामणगावचे पंजाबराव डख कोण, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस कोणत्या तारखेपासून, कोणत्या भागात आणि किती दिवस पडेल, हे ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून आणि यूट्यूबवरून सांगतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने त्यांना परभणीतून उमेदवारी दिली. पावसाचे निरोप पाठवणाऱ्या माणसामागे किती लोक उभे असतील, याचा अंदाज त्यावरून यावा. त्यांच्या अंदाजांच्या शास्त्रीय आधाराबद्दल हवामान अभ्यासकांनी जाहीर आक्षेप घेतले आहेत आणि ते आक्षेप गंभीर आहेत. मला मात्र आज त्या वादाच्या अलीकडचा प्रश्न विचारायचा आहे: शेतकरी कुणाचं ऐकतो, आणि का ऐकतो?

कारण याच जिल्ह्यात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. परभणी मोती, परभणी शक्ती ही ज्वारीची वाणं त्याच विद्यापीठाची. तिथली ग्रामीण कृषी मौसम सेवा दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत पत्रक काढते. पुढच्या पाच दिवसांचं हवामान, कोणत्या पिकाला काय करावं, फवारणी कधी थांबवावी, सगळं त्यात असतं. मन लावून केलेलं काम आहे ते. तरीही पेरणीच्या आदल्या रात्री ओट्यावर जो आवाज ऐकला जातो, तो बहुतेक वेळा त्या पत्रकाचा नसतो.

यात शेतकऱ्याचं अज्ञान बघणारे खूप भेटतात. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. सरकारी अंदाजात लिहिलेलं असतं, ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस’. ऐकणारा समजतो, पाऊस थोडा पडणार. हवामान खात्याच्या हिशेबात मात्र त्याचा अर्थ असा, की त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल. तो किती पडेल, हे त्यातून कळतच नाही. तुरळक ठिकाणी मुसळधारही होऊ शकते, आणि ज्याच्या शिवारात झाली त्याची जमीन खरडून जाते. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की हवामान खातं ‘जोरदार’ म्हणतं. महसुलात 65 मिलिमीटरच्या वर मंडळात अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याचं गणित तिथून सुरू होतं. ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहे. पण सोयाबीनचं एकरी तीस किलो बियाणं घरात आणून ठेवलेल्या माणसाला विचारायचं असतं एवढंच, की उद्या टाकू का परवा? तारीख सांगणारा, तालुक्याचं नाव घेणारा, आपल्यासारखं बोलणारा माणूस त्याला उत्तर देतो. कार्यालय देत नाही.

आणि कार्यालयाचं उत्तर चुकतं तेव्हा काय होतं, हेही आपल्या शेजारीच घडलं आहे. जुलै 2017 मध्ये पाथरीच्या पलीकडच्या माजलगाव तालुक्यात, आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात चक्क हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरलं, पाऊस दडून बसला, बियाणं आणि खत मातीत गेलं. बियाणं आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांशी खात्याचं संगनमत आहे, इथपर्यंत त्यांचा आरोप गेला. मी तो आरोप खरा मानत नाही. पण त्यांना पोलीस ठाण्यात का जावंसं वाटलं, ते मला नीट कळतं. ज्याच्या शब्दावर आपण दुबार पेरणीचा खड्डा ओढवून घेतला, तो समोर यावा, एवढीच ती मागणी होती. समोर कुणीच नव्हतं. त्यानंतर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं निघाली, तालुक्यापर्यंतचा सल्ला देऊ लागली, आणि देशभरातली अशी 199 केंद्रं 2024 च्या सुरुवातीला बंदही झाली. गावाच्या जवळ येऊ लागलेली संस्था आपण स्वतःच मागे घेतली. याची खंत जाहीरपणे बोलून दाखवायला हवी.

आता यंत्राकडे येतो. हवामानाच्या बाबतीत यंत्रानं आपलं भलं केलं आहे, हे आधी स्वच्छ सांगितलं पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 26 मे 2025 रोजी देशाला मिळाली. आधीची प्रणाली बारा किलोमीटरच्या चौकटीत देश बघत होती, ही सहा किलोमीटरच्या चौकटीत बघते. म्हणजे अंदाज जिल्ह्यावरून मंडळाच्या आसपास आला. त्याच खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर मान्सूनच्या आगमनाचे अंदाज पाठवले, आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींमधून काढलेले होते. या प्रणाली जुन्या पद्धतीनं केवळ वाऱ्याची आणि तापमानाची समीकरणं सोडवत बसत नाहीत. मागच्या चाळीसेक वर्षांच्या हवामानाच्या नोंदी त्यांना शिकवलेल्या असतात. आजच्यासारखं आकाश पूर्वी होतं तेव्हा पुढे काय झालं, हे त्या त्यातून ओळखतात. जिथे महासंगणक तासन्‌तास लागायचा, तिथे काही मिनिटांत काम होतं. 2025 साली मान्सून 24 मे रोजी केरळात आला, दोन दिवसांत मुंबईला टेकला, आणि मग वीसेक दिवस अडून राहिला. मे महिन्यातल्या त्या पावसाला भुलून पेरलं असतं तर मोड झाली असती. तो खंड या प्रणालींनी आधी सांगितला होता.

म्हणजे यंत्राला कळतं. मग अडतं कुठे? अडतं ते निरोप पोचण्याच्या शेवटच्या टप्प्यावर. अनोळखी क्रमांकावरून आलेला मजकूर शेतकरी बघतो आणि सोडून देतो, कारण त्याच फोनवर दिवसभर कर्जाचे, लॉटरीचे, जुगाराच्या ॲपचे मजकूर येऊन आदळतात. माणूस शेवटी ओळखीच्या आवाजाकडे वळतो. हजारो वर्षं ती पद्धत बरोबर ठरली. ओळखीचा आवाज म्हणजे ओळखीचा माणूस, आणि तो खोटं बोलला तर बाजारात, पंढरीच्या वाटेवर, सोयरिकीत कुठेतरी गाठता येणारा माणूस.

हा हिशेब आता मोडला आहे. जानेवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून कुणाचाही आवाज उभा करणारी प्रणाली जाहीर केली. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2024 मध्ये, सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतो आहे अशी चित्रफीत फिरली. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, बोलणं दुसऱ्याचं. त्याला स्वतःला पुढे येऊन सांगावं लागलं की हे खोटं आहे. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, राज्यातल्या काही मोठ्या नेत्यांच्या नावानं ध्वनिफिती पसरल्या. नेत्यांनी त्या नाकारल्या. पडताळणी करणाऱ्यांना त्यांत यंत्रानं आवाज घडवल्याच्या खुणा सापडल्या. पण पडताळणी व्हायला वेळ लागतो आणि मतदान सकाळी सातला सुरू होतं. उद्या डखांच्याच आवाजात, किंवा विद्यापीठाच्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या आवाजात, अमुक कंपनीचं बियाणं घ्या, परवा पेरा, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला, तर तो ओळखायची कोणती सोय जिल्ह्यात आहे? मला ती दिसत नाही, आणि याच कारणासाठी मी आज बोलायला उभा आहे.

गंगाखेड आपल्या जिल्ह्यात आहे, म्हणून जनाबाईचा दाखला मी हक्कानं देतो. जनाबाईचे अभंग आणि तिच्या नावाच्या ओव्या जवळपास सातशे वर्षं जात्यावरून जात्यावर गेल्या. एका बाईनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं, लेकीनं सासरी न्यायचं. आजच्या भाषेत तो फॉरवर्डच होता, आणि तो कुठल्याही कंपनीशिवाय पश्चिम महाराष्ट्रापर्यंत गेला. पण त्या फॉरवर्डच्या शेवटच्या चरणात सांगणारीचं नाव असायचं. ते गाळून अभंग पुढे जात नसे. हे मी स्वप्नरंजन म्हणून सांगत नाही. जनाबाईच्या नावावर इतरांनी रचलेले अभंग घुसले आहेत हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे, म्हणजे बनावट तेव्हाही होतीच. फरक असा, की नाव असल्यामुळे शंका घेता आली. पोथ्या ताडून बघता आल्या, गाथा संपादित करता आल्या. आपल्या फोनवर येणाऱ्या दहा निरोपांपैकी किती निरोपांना नाव असतं? ‘जसं आलं तसं पाठवलं’ हे चार शब्द आपण सभ्यपणाचे समजतो. मला ते फार वाईट वाटतात. त्यांचा अर्थ असा, की मी बोललो आणि बोललो नाही.

या चार शब्दांची किंमत महाराष्ट्रानं मोजलेली आहे. रविवार, 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागायला गावात आली होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या भागात कितीतरी दिवस फिरत होते. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला असं कुणीतरी पाहिलं, आणि गर्दी जमली. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारलं. त्याच दिवशी मालेगावातही एका कुटुंबाला जमावानं घेरलं होतं, पोलीस वेळेवर पोचले म्हणून ते वाचलं.

मराठवाड्यातल्या माणसाला या घटनेतलं एक दुःख विशेष कळायला हवं. गोसावी, वासुदेव, जोशी, बहुरूपी, ही माणसं आपल्या गावांना परकी नव्हती. सुगी झाली की कोण येणार, कुणाच्या दारात थांबणार, काय गाणार, हे म्हाताऱ्यांना पाठ असायचं. पलीकडच्या तालुक्यातली बातमी तीच माणसं घेऊन यायची. कुणाकडे लग्न ठरलं, कुठे पाऊस झाला, कुठला बाजार तेजीत आहे. समाजमाध्यम म्हणायचं तर शेकडो वर्षं तेच आपलं समाजमाध्यम होतं. नव्या माध्यमानं जुन्या माध्यमाच्या माणसांना ठार मारलं, असं मी म्हणतो, आणि शब्द तोलून म्हणतो.

त्या काळात देशभर मुलं पळवण्याची एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलतात, एवढंच त्यात दिसायचं. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीपटातली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो भाग कापलेला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा तिथे लवलेश नव्हता, साधी कात्री पुरली. आज मोटारसायकल परभणीच्या वसमत रोडवर दाखवता येईल, उचलणाऱ्याच्या अंगावर आपल्याला हवे ते कपडे घालता येतील, आणि रडणारी आई मराठवाडी बोलीत बोलेल. हे करायला पूर्वी स्टुडिओ लागायचा. आता एक फोन आणि अर्धा तास पुरतो.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 2020 मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. म्हणजे हे करणं शक्य होतं, आणि ते माणसं मेल्यावर झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. दगड आणि काठ्या ज्यांच्या हातात होत्या त्यांना शिक्षा झाली, ते योग्यच झालं. ज्यांनी निरोप पुढे ढकलला ते सगळे आपापल्या घरी होते, आणि ज्या कंपनीच्या रस्त्यावरून तो निरोप गेला ती आरोपीच्या पिंजऱ्याजवळही आली नाही.

संताप का पसरतो, याचंही उत्तर आता उघड आहे. 2021 मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात असं दिसलं की 2017 पासून काही काळ संतापाच्या चिन्हाला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं जात होतं. चिडलेला माणूस जास्त वेळ थांबतो, आणि थांबलेल्या वेळेवर जाहिरात विकली जाते. पुढे त्यांनी ते वजन काढलं. तोवर आपले ग्रुप कसे बोलतात ते बदलून गेलं होतं.

आता मी एका अशा गोष्टीकडे वळतो जिच्याबद्दल या शहरात बोलताना प्रत्येकाचा आवाज खाली येतो. 10 डिसेंबर 2024 रोजी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली, आणि 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पुढे जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. न्यायालयीन भाग न्यायालयात होईल. मला बोलायचं आहे ते फोनच्या कॅमेऱ्याबद्दल. ज्यांचं म्हणणं ठाण्यात आणि कचेरीत सहसा कुणी लिहून घेत नाही, त्यांच्या हातात गेल्या दहा वर्षांत एक साक्षीदार आला. धरपकडीच्या वेळी वस्त्यांमध्ये काय घडलं, ते त्या दिवसांत बाहेरच्या जगाला या साक्षीदारामुळेच दिसलं. समाजमाध्यमांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

म्हणूनच बनावट चित्रफितींचा धोका मला दोन्ही बाजूंनी दिसतो. खोटं खरं वाटेल, हा एक धोका सगळेच सांगतात. दुसरा जास्त खोल आहे. उद्या खरी चित्रफीत समोर ठेवली तरी समोरचा म्हणेल, हे यंत्रानं बनवलेलं आहे, सिद्ध करा. ज्याच्याकडे वकील आहे, प्रयोगशाळेचा अहवाल मागवायची ऐपत आहे, तो सिद्ध करील. ज्याच्याकडे फक्त फोन होता, त्याचा साक्षीदार गप्प होईल. दुबळ्याच्या हातातलं हे एकच साधन बोथट होतं आहे, आणि त्याचं दुःख करायलाही फारसं कुणी नाही.

मुलांविषयी थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास घराघरांतले टीव्ही आणि फोन बंद. त्याच वर्षी पुसद तालुक्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, दंडही ठेवला. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली. या तिन्हींपैकी मला वडगावचा मार्ग पटतो, कारण तिथे भोंगा आईबापांसाठीही वाजतो. मुलाच्या हातून फोन काढून घेऊन स्वतः रील बघत बसणाऱ्या बापाचं मूल का ऐकेल?

आता भाषेकडे. निजामी राजवटीत जमिनीच्या नोंदींपासून फिर्यादीपर्यंत बराच कारभार उर्दूत चालायचा. इथला मराठी कुणबी स्वतःच्या जमिनीचा कागद वाचू शकत नव्हता. वाचून दाखवणारा जे सांगेल त्यावर अंगठा द्यायचा. त्याचे परिणाम अजून संपलेले नाहीत. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची धावाधाव झाली. इथे यंत्र मदतीला येऊ शकतं: आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी पुण्यातल्या संस्थांच्या सहकार्यानं मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली 2025 मध्ये मांडली. अशा कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं मी मनापासून स्वागत करतो. गावोगावचे दप्तरखाने त्यातून बोलते होतील.

पण अंगठ्याचं काय? फोनवर कुठलंही ॲप उघडताना ‘मी सहमत आहे’ असं एक बटण येतं. त्याच्या मागे इंग्रजीतली पानंच्या पानं असतात. आपण काय देतो आहोत, आपला आवाज, आपले फोटो, आपला ठावठिकाणा, हे न वाचता आपण आजही अंगठाच देतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात ही सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायला मिळण्याची तरतूद आहे. मराठी त्यात आहे. हा हक्क मागणारी एकही चळवळ आपल्याकडे उभी राहिलेली नाही. अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण ऑक्टोबर 2024 मध्ये केला, तितक्याच हौसेनं हेही मागायला हवं.

यंत्राशी मराठीत बोलता येतं, हे खरं. मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक होते, पण यंत्रानं शिकलेली मराठी त्यांतल्या लिहिणाऱ्यांची आहे, वर्तमानपत्रांची आणि शासकीय संकेतस्थळांची. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातली बाई जसं बोलते तसं त्यात फार थोडं आहे. तिनं आपल्या शब्दांत कपाशीवरच्या रोगाचं वर्णन केलं तर यंत्र चुकीचा रोग समजेल आणि ठाम आवाजात औषध सांगेल. हा ठामपणाच मला घाबरवतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधाची मात्रा आणि मिश्रण हा जिवाचा प्रश्न आहे. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारानं चुकीचं औषध दिलं तर त्याच्या भिंतीवर परवाना लावलेला असतो, त्याच्यावर कारवाई होऊ शकते. मोबाइलमधल्या सल्लागारानं चुकीची मात्रा सांगितली, तर तक्रार कुणाच्या नावानं लिहायची?

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये. पैसा येतो आहे तर अटी आत्ताच घातल्या पाहिजेत. शेतीविषयक यंत्राच्या प्रत्येक उत्तराखाली ते कोणत्या संस्थेच्या, कोणत्या तारखेच्या शिफारशीवरून दिलं, हे आलं पाहिजे. औषधाच्या मात्रेचा प्रश्न असेल तर उत्तराबरोबर तालुक्यातल्या जबाबदार अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आला पाहिजे. आणि विद्यापीठानं आपला मंगळवार-शुक्रवारचा सल्ला लेखी पत्रकापुरता न ठेवता आपल्या बोलीत, बोलणाऱ्या शास्त्रज्ञानं स्वतःचं नाव आणि गाव सांगून, ध्वनिरूपात पाठवावा. तो निरोप खरा विद्यापीठाचाच आहे हे ताडून बघायला एक ठरलेला क्रमांक असावा. डखांकडून शिकण्यासारखं जे आहे ते हे: त्यांनी बोलताना आपलं नाव लपवलं नाही.

राहिला प्रश्न कुणाचा अंदाज खरा ठरतो याचा. आपली आठवण इथे कामाची नाही. बरोबर आलेला अंदाज आपण चार गावांत सांगतो, चुकलेला आठवड्यात विसरतो. त्यातून कुणाचं नाव उगाच मोठं होतं आणि कुणाचं उगाच मातीत जातं. महावेध प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, पावसाचा आकडा मंडळनिहाय उपलब्ध असतो. तो आकडा आणि आधी दिलेला अंदाज शेजारी-शेजारी मांडणारं मात्र कुणी नाही.

हे काम जिल्हा परिषदेच्या शाळा करू शकतात, असं माझं या व्यासपीठावरून मागणं आहे. आठवी-नववीच्या मुलांकडे एक वही द्यावी. पावसाचे जेवढे निरोप गावात येतील, ते आले त्या दिवशीच त्यात उतरवावेत: हवामान खात्याचा, विद्यापीठाचा, डखांचा, सरकारच्या यंत्रानं पाठवलेला, आणि ज्याला नाव नाही तोही, ‘नाव नाही’ असं लिहून. शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक ठेवावं, रोज सकाळी साडेआठला मोजावं, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठलाच बदलतो. मंडळाचा आकडा त्याच्या शेजारी लिहावा. दिवाळीच्या सुट्टीआधी ग्रामसभेत ती वही वाचून दाखवावी. मापकाला आणि वहीला फार खर्च येत नाही, ग्रामपंचायतीला तो सहज झेपेल. सेलू, मानवत आणि पाथरी या तीन तालुक्यांतल्या काही शाळांपासून येत्या मृगात सुरुवात करता येईल, आणि ज्या शिक्षकांना यात रस आहे त्यांनी सभा संपल्यावर इथेच थांबावं, आपण गावांची यादी करू.